जर्मनची होडी, तांब्याची रिबिटं

होडी आमच्या दारात उतरली तेव्हा तिच्यात कोंबड्या होत्या. कोंबड्या परत द्याव्या लागल्या, होडी राहिली. आमच्या संसारात निवड करायची वेळ आली की नेहमी असंच होतं.

ही गोष्ट बुडण्याची आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना हसायचं आहे त्यांनी वाटेतच हसून घ्यावं, शेवटाला सोय नाही.

देवळाली कॅम्पात एक जुना बंगला विकला गेला. परसातला कचरा हलवायचं काम तिथल्या रखवालदाराकडे आलं, आणि त्या कचऱ्यात, चिंचेच्या झाडाखाली, ही होडी पडलेली होती. माझा नवरा तिथे कशाला गेला होता, हे मला विचारू नका. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून नुकताच निवृत्त होऊन घरी बसला होता, म्हणजे घर सोडून सगळीकडे बसत होता. रखवालदाराबरोबर चहा पिताना त्याची नजर झाडाखाली गेली आणि, त्याच्याच शब्दांत, "तिने माझ्याकडे पाहिलं." इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याबद्दल असं काही बोललेला नाही.

छोट्या हत्ती टेंपोवर आडवी बांधलेली ती बाई मी फाटकात उभी राहून पाहिली. ॲल्युमिनियमची जुनी मोटरबोट. पुढे दोघांची बैठक, मागे दोघांची. समोर तडकलेली काच, जुन्या फियाटला असायचं तसं स्टिअरिंग, आणि मागे इंजिनाच्या जागी गवताचं घरटं. अंगावर कधीकाळी लाल आणि पांढरा रंग असावा. आता तो जागोजागी पापुद्रे सुटून असा लोंबत होता की जणू एखादी नटी प्रयोग संपल्यावर तोंड धुवायला विसरून तशीच म्हातारी झाली असावी.

"अहो," मी म्हटलं, "नाशिकरोडला समुद्र आला का?"

"गंगापूर धरणावर नेऊ."

"आणि इंजिन?"

"वल्ही मारू. आधी दुरुस्त करू, रंगवू, मग बघू."

"आणि तुम्हाला पोहता येतं?"

"होडी असल्यावर पोहायचं कशाला?"

या तर्कापुढे मी हात टेकले.

घरात आतल्या खोलीत माझे वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादा तांबट. जुन्या नाशकातल्या आमच्या आळीत त्यांनी जन्मभर तांबं ठोकलं. हंडे, घागरी, घंगाळं, बंब. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके सारख्या अंतराने मारत गेलं की पत्रा कणखर होतो, त्याला मठारणं म्हणतात. दादांनी मठारलेली घागर उन्हात धरली तर पाण्यावरून वारा गेल्यासारखी दिसायची. मग ठोके यंत्राने उमटवलेली भांडी आली. गिऱ्हाइकाला फरक कळेना, आणि ज्याला कळेना त्याला सांगणार काय. दादांनी दुकान बंद केलं, आमच्याकडे राहायला आले, आणि आडवे झाले.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही सापडलं नाही. दादा दोन घास खात, आंघोळीला टाळाटाळ करत आणि पुन्हा भिंतीकडे वळत. हात पांघरुणावर पडलेले असत, आणि त्या हातांकडे बघवत नसे. ज्या हातांनी आळीतला आवाज केला ते हात असे ठेवून दिलेल्या वस्तूंसारखे.

एकदा मी विचारलं, "दादा, दिवसभर भिंतीत काय बघता?"

"काही नाही. भिंत बरी असते. काही विचारत नाही."

मी पांघरूण सारखं केलं. तेव्हा दादा म्हणाले, "तू विचारतेस."

आता दादांचं आणि माझ्या नवऱ्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लग्नात दादांनी आम्हाला स्वतःच्या हाताने केलेला तांब्याचा बंब दिला. मधोमध जळणाची नळी, भोवती पाणी, खाली जाळ, वर धूर, बाजूला पितळी तोटी. असा बंब आळीत पुन्हा झाला नाही, असं आळीच म्हणायची. जावई विजेच्या कारखान्यातला. त्याने पहिल्याच महिन्यात न्हाणीघरात गीझर बसवला. बंब दाराजवळ आला, आणि एका पावसाळ्यात कुणीतरी त्याच्या नळीत छत्री खोचली. मग दुसरी. मग तो छत्र्यांचाच झाला. दादा जेव्हा जेव्हा आमच्याकडे येत तेव्हा आधी बंबाकडे बघत, मग जावयाकडे, आणि अत्यंत अदबीने म्हणत, "कसं काय जावईबापू, छत्र्या गरम आहेत ना?"

एवढंच. याच्या पुढे दोघांत संभाषण कधी गेलं नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

तर होडी. नवऱ्याने ती अंगणात विटांवर चढवली आणि नळी लावून आतून पाण्याने भरली. होडी पाण्यात घातली तर पाणी कुठून आत येतं ते दिसत नाही. उलट ती पाण्याने भरली की कुठून बाहेर पडतं ते लगेच दिसतं, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. दिसलं. सगळीकडूनच दिसलं. पत्रे जोडणारी रिबिटं वयाने सैल झाली होती आणि प्रत्येकाखाली थेंब धरत होता. खाली शहाबादी फरशी. टप, टप, टप. नवरा खडूने खुणा करत पोटावर सरपटत होता, मी पायरीवर बसून देखावा बघत होते.

आतून आवाज आला. "कोण गळतंय?"

मी आत गेले. दादा भिंतीकडेच तोंड करून होते, पण मान वर होती.

"होडी आहे, दादा. आपली."

"बंद करा."

"होत नाहीये, म्हणून तर."

"अगं, मग ऐकून काय घेताय नुसतं?"

आणि दादा उठले. काठी न घेता, भिंत धरत, बाहेर आले. तांबटाला दुसऱ्याचं काही कळो न कळो, गळक्या भांड्याचा आवाज सहन होत नाही, जसा गायकाला बेसूर सहन होत नाही. ते होडीपाशी गेले आणि बोटाच्या पेराने पत्रा वाजवला.

"जर्मन आहे."

ॲल्युमिनियमला जुनी माणसं जर्मन म्हणतात. तांबट तो शब्द उच्चारायच्या आधी तोंड थोडं वाकडं करतात.

"पण पत्रा जाड आहे," दादा म्हणाले. त्यांनी हात कडेवरून फिरवत मागपर्यंत नेला. "करणाऱ्याचा हातही बरा होता. पातेलंच आहे हे. लांबट."

"दादा, हे पाणी बाहेर ठेवायचं भांडं आहे," नवरा फरशीवरूनच म्हणाला.

"तेच ते. पाणी कळत नाही त्याला आत आहे का बाहेर." मग खाली वाकून जावयाकडे बघितलं. "रिबिटं काढून नवीन बसवावी लागतील, जावईबापू."

छत्र्या सोडून दुसऱ्या विषयावरचं हे त्यांचं जावयाशी पहिलं बोलणं.

नवरा उठून बसला. म्हणाला, मुंबईला एक दुकान आहे, तिथे ॲल्युमिनियमची रिबिटं मिळतात, सांगून ठेवलंय.

"जर्मनला जर्मनचंच रिबिट? मेणाला मेणाचा खिळा?" दादांनी मान हलवली. "माझ्या पेटीत तांब्याच्या सळया आहेत. मी करतो. अशी बसवतो की होडी जाईल, रिबिट जाणार नाही."

नवऱ्याने तोंड उघडलं. मग मिटलं. मी नोकरी सांभाळून हौशी नाटकं बसवते, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकले आहे, की नट वाक्य विसरला आणि नटाने वाक्य गिळलं, यात फरक असतो. त्याने गिळलं.

"बरं शे," तो म्हणाला.

माझा नवरा सटाण्याकडचा. माझ्याशी तो शहरी मराठी बोलतो, पण काही लपवायचं असलं की आईची अहिराणी जिभेवर येते. रक्तदाबाच्या गोळ्या बुडवल्या की "घेतल्या ना, बरं शे." मला वाटलं, मुंबईच्या दुकानदाराला आगाऊ पैसे देऊन बसला असेल. दादा उभे होते, स्वतःच्या पायावर, अंगणात, उन्हात. मी पुढे काही विचारलं नाही.

मग आमच्याकडे हिवाळाभर ठोकाठोक झाली. रिक्षाने जाऊन दादा आळीतल्या बंद दुकानातून ऐरण घेऊन आले, हातोड्या आणल्या, आणि परत येताना आळीत सांगून आले की जावयाचं जहाज करतोय. सळईचे तुकडे पाडायचे, जाळावर लाल करायचे, पाण्यात विझवायचे. तांबं असं केलं की मऊ पडतं. मग त्याला टोपी द्यायची, भोकात घालायचं, आणि दुसरीकडून ठोकून त्या टोकाचीही टोपी करायची. होडी पालथी. दादा वरून ठोकणार, आणि कोणीतरी आत बसून टोपीला लोखंडी ठोकळा घट्ट टेकवून धरणार. ते कोणीतरी म्हणजे मी.

पालथ्या होडीत बसून डोक्यावर हातोडी झेलण्याचा अनुभव प्रत्येक मुलीने बापाच्या म्हातारपणी एकदा घ्यावा. आत अंधार, भोकांमधून येणाऱ्या उन्हाच्या काड्या, आणि वरून आवाज. "हलू नकोस. अगं हलू नकोस म्हणतो. लग्नात नवऱ्याचा हात धरला होतास त्याहून घट्ट धर."

"तेव्हा कुठे घट्ट धरला होता, दादा?"

"म्हणून तर गीझर आला."

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "वहिनी, देवळाची घंटा घडवताय का?" मी होडीच्या पोटातून ओरडून सांगितलं की हो, मूर्ती आत बसलीय.

दादा पहाटे आंघोळ करू लागले. भाकरी मागून घेऊ लागले. मशीनवाल्यांना शिव्या द्यायला लागले, आणि शिवीइतकं प्रकृतीचं खात्रीलायक लक्षण दुसरं नाही. त्यांचा हात सुरुवातीला थरथरायचा, मग हातोडी हातात असताना थरथरायचा थांबला, आणि पुढे पुढे चहाचा कप धरतानाही थांबला. नवरा मदतीला असायचा, सळई धरायला, जाळ सांभाळायला. बरेचदा मात्र तो पायरीवर नुसता बसून दादांकडे बघत राहायचा. एकदा मी त्याचा चेहरा नीट पाहिला. मैफलीत बसून गाणं ऐकताना कुणी खिसा कापतंय हे कळावं, आणि गाणं थांबेल म्हणून माणसाने हलू नये, असा तो चेहरा होता. मला तेव्हा गंमत वाटली.

रंग माझ्याकडे होता. नाटकाचे पडदे आणि खांब रंगवून रंगवून मला एक विद्या अवगत आहे, दहा पावलांवरून काहीही संगमरवरी दिसेल. जुने पापुद्रे खरवडले, पॉलिश पेपरने पत्रा घासून खरखरीत केला, पिवळट प्रायमर दिला. नवऱ्याला पांढरा हवा होता. दादांना तांबूस. मी खाली लाल, वर पांढरा आणि मधोमध सोनेरी बारीक रेघ ठरवली, कारण ब्रश माझ्या हातात होता. भांडण झालं ते रिबिटांवरून.

"त्यांच्यावर रंग नको," दादा म्हणाले. "ती दिसली पाहिजेत. माझं काम झाकू नकोस."

"दादा, रंग हवाच," नवरा म्हणाला. "त्यांच्यावर तर जाड. दोन हात जास्त."

आयुष्यात या माणसाने भिंतीचा रंग बदललेला ओळखला नाही, आणि आता हा रंगाचे हात मोजत होता. दादा रुसले. मग म्हणाले, "करा. झाका. आत तांबंच आहे ना?" मी प्रत्येक टोपीवर ब्रश फिरवला. नवरा मागे उभा राहून राहिलेल्या दाखवत होता. "इथे राहिलं. ही पण. अजून एक हात दे गं."

धरणाच्या मागच्या अंगाला एका ओळखीच्या बागायतदाराचं शेत आहे. द्राक्षबाग संपते तिथे पाणी सुरू होतं. त्याने होडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ताई, ही चालती का नुसती बघायचीच हे?"

चालली. कशी चालली म्हणता. इंजिन नव्हतंच, नवऱ्याने वल्ही मारली, मी मागे बसून लोकांना हात केला, म्हणजे दोन बगळ्यांना. दादा पुढे स्टिअरिंग धरून बसले होते. ते कशालाच जोडलेलं नव्हतं, पण दादा ते गंभीरपणे फिरवत होते. मध्यावर गेल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडलं, खाली वाकून तळाला तळहात लावला, आणि तसाच ठेवला.

"कोरडं," ते म्हणाले.

नवरा वल्ही मारत राहिला.

"कोरडं आहे." मग जावयाकडे न बघता, "जावईबापू, बंबात छत्र्या ठेवता, पण वल्ही बरी मारता."

नवऱ्याने वल्ही थांबवली. बराच वेळ आम्ही तसेच तरंगत राहिलो. गोष्ट इथे संपवता आली असती तर मी कशाला पुढे लिहिलं असतं.

होडी शेताच्या काठाला बांधून ठेवली. दादा आम्हाला दर थोड्या दिवसांनी तिकडे न्यायला लावत. वल्हवायला नव्हे. ते काठाला बसत, आणि एकेका टोपीवर अंगठा दाबून बघत, जसं कुणी नातवंडांचे दात बघावेत. आळीत जाऊन सांगून येत की अजून कोरडी आहे. एकदा म्हणाले, आता आणखी एखादी मिळते का बघा. नवरा म्हणाला, बघतो. एक पावसाळा असा गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बागायतदाराचा फोन आला.

"ताई, तुमच्या बोटीला कांजण्या आल्यात."

टेंपोने होडी परत आणली आणि पुन्हा विटांवर चढवली. माझ्या लाल रंगाला जागोजागी फोड आले होते, आणि प्रत्येक फोड बरोबर एकेका टोपीभोवती. दादांनी नखाने एक फोडला. आतून ओल्या चुन्यासारखं पांढरं निघालं. त्यांनी ते बोटांत चुरगाळलं, वास घेतला, मग दाभण आणायला सांगितलं. दाभण रिबिटाच्या शेजारी टेकवलं आणि ते आत गेलं. दाबलंही नव्हतं. बिस्किटात जावं तसं गेलं. मग दुसऱ्याशेजारी. तिसऱ्याशेजारी.

रिबिटं होती तशी होती. घासली तर चमकत होती. त्यांच्याभोवतीची होडी नव्हती.

"हे कशाने?" दादांनी विचारलं.

नवऱ्याने वाकून पाहिलं. भुवया वर केल्या, ओठ पुढे काढले, डोकं खाजवलं. इतका वाईट अभिनय मी तालमीच्या पहिल्या दिवशीही पाहिलेला नाही. "पानीमाच काहीतरी शे," तो म्हणाला. म्हणजे दोष पाण्यातच.

दादा सरळ उभे राहिले.

"जावईबापू, मराठीत सांगा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काही मदत करू शकत नव्हते, कारण मलाही तेव्हाच सगळं कळत होतं, ते गिळलेलं वाक्य, रंगाचे जास्तीचे हात, पायरीवरचा तो चेहरा.

"तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं," तो हळू बोलत होता, "आणि ओल लागली, की दोघांतलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तांबं राहतं. आमच्याकडे तारा जोडताना म्हणूनच मध्ये वेगळा तुकडा घालतात."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"नोकरीच्या पहिल्या वर्षी, दादा."

"मी सळई आणली तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

नवऱ्याने होडीच्या कडेवर हात ठेवला. त्याचीच होडी होती ती. तिने त्याच्याकडे पाहिलं होतं.

"तुम्ही उठला होतात, दादा."

मी म्हटलं, चहा टाकते. कुणी हो म्हणालं नाही. दादांनी दाभण होडीवर ठेवून दिलं, नीट, टोक आत करून.

"म्हणजे दुरुस्ती माझी चालली होती," ते म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडीचा आवाज आला आणि मी अंथरुणातून उडी मारून उठले. मूर्ख बाई. मला वाटलं, सुरू झाले. बाहेर दादा छिन्नी लावून रिबिटांच्या टोप्या उडवत होते. एकेक रिबिट बाहेर ओढायचं, तपेलीत टाकायचं. प्रत्येक रिबिटाबरोबर भोवतालचा पत्राही कुरकुरत बाहेर यायचा, आणि जिथे रिबिटाएवढं भोक होतं तिथे रुपयाएवढं व्हायचं.

"दादा, राहू द्या आता," नवरा म्हणाला. "तशीही ती..."

"माझं तांबं आहे. ते दुसऱ्याचं खात बसलेलं मला चालणार नाही."

त्यांनी मला ठोकळा धरायला बोलावलं नाही. काढायला कुणी धरावं लागत नाही. दिवसेंदिवस ते चाललं. नवरा पायरीवर बसायचा, दादा काढत राहायचे, आणि दोघंही एकमेकांशी अतिशय अदबीने वागत होते. मी एकदा विनोद करून पाहिला. म्हटलं, आता निदान हिच्यात पावसाचं पाणी साठणार नाही, डासांची काळजी मिटली. दोघांनीही मान डोलावली. माझा विनोद असा सभ्यपणे स्वीकारला गेला तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

शेवटचं रिबिट निघालं. दादांनी हात धुतले, हातोडी फडक्यात बांधली, तपेली आत नेऊन कॉटखाली सरकवली. मग आडवे झाले आणि भिंतीकडे वळले.

त्यानंतर माझ्या नवऱ्याने जे केलं ते बघून हसावं की रडावं हे मी अजून ठरवलेलं नाही. तो जुन्या बाजारातून गळकी भांडी आणू लागला. फुटकी कळशी. बूड गेलेली घागर. पाण्याने भरून ती दादांच्या खिडकीखाली ठेवायचा, फरशीवर नेमका थेंब पडेल अशी, आणि स्वतः आडोशाला उभा राहायचा. टप. टप. एकदा त्याने थेंब मोठा वाजावा म्हणून खाली पत्र्याचं झाकण सरकवलं. मी खोलीत बसून दादांच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही. खूप वेळाने भिंतीला उद्देशून आवाज आला.

"जावईबापू, ते नेऊन द्या ज्याचं त्याला."

दादा आता एकच घास खातात. हात पुन्हा पांघरुणावर असतात. डॉक्टर पुन्हा म्हणतात, काही नाही.

मग मी एका दुपारी दाराजवळच्या बंबातून छत्र्या काढल्या. तो घासला. आतली काजळी, वरचा हिरवट थर, सगळं काढलं. चिंच-मीठ लावून असा लखलखीत केला की दादांच्या हाताचे ठोके एकेक मोजता यावेत. मग एक मोठा खिळा घेतला, बंबाच्या पोटाला खाली टेकवला, आणि हातोडीने ठोकला. हात घसरला. पुन्हा ठोकला. नवरा दारात उभा राहून बघत होता. अडवलं नाही.

बंब पाण्याने भरून मी दादांच्या कॉटजवळ ओढत नेला.

"दादा, बंब गळतोय."

आणि दादा वळले. त्यांनी आधी बंब पाहिला, तो तसा झळझळीत, छत्र्यांशिवाय. हात पांघरुणातून बाहेर आला, पोटावरून ठोके चाचपत खाली गेला, जसा आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून हात फिरवेल तसा. बोट भोकावर आलं आणि थांबलं. पाणी बंद झालं.

"खिळ्याचं आहे," ते म्हणाले.

"जुना झालाय ना, दादा. गंजला असेल."

"तांबं गंजत नाही." बोट भोकावर फिरत होतं. "बाहेरून आत मारलंयस. पहिल्यांदा घसरला हात. इथे ओरखडा आहे."

नवरा दारातून आत आला.

"डाग देऊन भोक बुजवाल का?" मी विचारलं.

दादांनी बोट तसंच ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील, पेटी आण. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी त्याला धरून काहीतरी केलं असतं.

"छत्र्याच ठेवायच्या ना त्यात," ते म्हणाले. "छत्र्यांना भोक चालतं."

त्यांनी बोट काढून घेतलं आणि भिंतीकडे वळले. बंब गळत राहिला. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. भोकाच्या वरचं पाणी संपलं तेव्हा आवाज आपोआप थांबला.